आठवणीचे व्याज

तुमच्या शाळेच्या सभागृहात किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक लाकडी फळा असेल. त्यावर पांढऱ्या रंगाने नावे रंगवलेली असतात : 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, गणितात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास', 'कै. सौ. तमुक स्मृती पारितोषिक, संस्कृत'. बक्षीस समारंभात ही नावे भराभर वाचली जातात, आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. ही मंडळी कोण होती, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. त्याहूनही कमी जणांना पडणारा प्रश्न असा, की माणूस जाऊन चाळीस वर्षे झाली, तरी त्याच्या नावाचे पैसे दरवर्षी येतात कोठून?

आज आपण या प्रश्नापासून निघू आणि थेट माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ. रस्ता जरा लांबचा आहे. पण वाटेत थोडे व्याजाचे गणित आहे आणि आरशासमोर करायचा एक प्रयोगही आहे.

मोठ्या देणगीचे उदाहरण आम्हा नागपूरकरांच्या रोजच्या रस्त्यावर आहे. अमरावती मार्गावरची एल.आय.टी. सर्वांना ठाऊक असते, पण त्यातला 'एल' म्हणजे कोण, हे विचारले तर निम्मे विद्यार्थी गप्प बसतात. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचा मँगनीजच्या खाणींचा व्यवसाय होता. त्यांनी मृत्युपत्र करून आपली मालमत्ता उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला दिली. तिच्यातून १९४२ साली ही संस्था उभी राहिली आणि २०२३ साली तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. देणगीतून इमारत आणि प्रयोगशाळा उभी करणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग असा, की मुद्दलाला हात लावायचा नाही आणि नुसते व्याज वाटायचे. स्मृति-शिष्यवृत्त्या या दुसऱ्या मार्गाने चालतात.

समजा, एका कुटुंबाने आजोबांच्या नावे एक लाख रुपये ठेवीत ठेवले आणि त्यावर ७ टक्के व्याज मिळाले. वर्षाला ७,००० रुपये झाले. ते एका विद्यार्थ्याला दिले, तरी पुढच्या वर्षी पुन्हा ७,००० रुपये हजर! गाय दावणीलाच ठेवायची आणि दूध तेवढे वाटायचे, असा हा व्यवहार आहे.

पण यात एक गोम आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही किरणोत्सारी द्रव्यांचे अर्धायुष्य वाचले असेल किंवा पुढे वाचाल. ठरावीक काळ गेला की ते द्रव्य निम्मे उरते, तेवढाच काळ पुन्हा गेला की त्याच्याही निम्मे. रुपयालाही असेच अर्धायुष्य असते, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. पण गणित खरे आहे. ७० या आकड्याला भाववाढीच्या दराने भागा. भाववाढ ५ टक्के असेल, तर ७० भागिले ५, म्हणजे १४ वर्षांत रुपयाची खरेदीशक्ती जवळजवळ निम्मी होते. २८ वर्षांत ती पाव होते आणि ४२ वर्षांत अष्टमांश. आजोबांच्या नावाने तेव्हाही ७,००० रुपयेच मिळत राहतील, पण त्यांत वस्तू येतील आजच्या ८७५ रुपयांच्या. आपल्याकडे पुष्कळ वर्षे भाववाढ ५ टक्क्यांहून अधिकच होती. म्हणूनच जुन्या फळ्यांवरची कित्येक पारितोषिके केविलवाणी झाली आहेत. आमच्या महाविद्यालयात असे एक आहे. त्याची रक्कम वाचताना सूत्रसंचालकाचा आवाज आपोआप खाली येतो.

यावर उपाय एकच. सगळे व्याज वाटायचे नाही. ७ टक्के मिळाले, तर ५ टक्के मुद्दलात परत टाकायचे आणि उरलेले २ टक्केच खर्चायचे. ज्या विश्वस्तांनी हा संयम पाळला त्यांचे निधी टिकले.

आता शाळेचा फळा सोडू आणि संशोधनाकडे वळू. एम.एस्सी. झालेला विद्यार्थी पीएच.डी.साठी प्रयोगशाळेत दाखल होतो, तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा असतो. त्याच्या वयाची इतर मुले कमवू लागलेली असतात. घरून विचारणा सुरू होते. याला तर अजून पाच वर्षे असे काम करायचे असते, की ज्यातले निम्मे प्रयोग फसणार हे मार्गदर्शकाला आधीच माहीत असते. या पाच वर्षांत त्याने खायचे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधक छात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. हिशेब करा : २४ महिन्यांचे ८ लाख ८८ हजार, पुढच्या ३६ महिन्यांचे १५ लाख १२ हजार. बेरीज बरोबर २४ लाख रुपये. घरभाडे, रसायने, उपकरणे यांचा खर्च निराळाच.

एखाद्या कुटुंबाला अशी एक छात्रवृत्ती कायमची चालवायची असेल, तर सुरुवातीलाच वर्षाला ४ लाख ४४ हजार रुपये लागतील. ७ टक्के व्याज पुरते खर्चून टाकायचे म्हटले, तर सुमारे साडेत्रेसष्ट लाखांचे मुद्दल पुरे. पण वर सांगितलेला संयम पाळून २ टक्केच काढायचे, तर २ कोटी २२ लाख हवेत! आणि एवढा पैसा ओतून हाती लागतात ती एका वेळी एका तरुणाची काही वर्षे. औषध नाही, शोध नाही. शोध लागेलच अशी हमीसुद्धा नाही.

मग असा निधी कोणी का ठेवावा? आपल्या महाराष्ट्रातलेच एक जुने उदाहरण पाहू. ते मेंदूचे नाही, रक्ताचे आहे. पण मेंदूकडे जायची वाट तिथूनच सोपी पडते.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या मोठ्या उमद्या बाई. साडी नेसून टेनिस खेळत. शास्त्रज्ञ होमी भाभा यांची ही आत्या. १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने, म्हणजे ल्यूकेमियाने, त्यांचा मृत्यू झाला. या रोगात अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्या अपुऱ्या वाढलेल्या, कामाला निरुपयोगी असतात आणि निरोगी पेशींना जागाच उरत नाही. त्या काळी या रोगावर औषध नव्हते. भारतातल्या सर्वांत मोठ्या उद्योगसमूहाचा प्रमुख असलेल्या माणसाकडेही पत्नीला वाचवण्याचा उपाय नव्हता, कारण तो जगात कोणाजवळच नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, दोराबजींनी 'लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट' स्थापन केला. त्याची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. उत्पन्नाचा चार पंचमांश भाग ल्यूकेमियावर जगात कोठेही चाललेल्या संशोधनासाठी आणि एक पंचमांश भाग भारतातल्या रोगविषयक संशोधनासाठी. तुम्ही म्हणाल, आपला पैसा आणि चार भाग परदेशात? मला मात्र ही वाटणी शहाणपणाची वाटते. त्या वेळी रक्ताच्या रोगांवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा परदेशात होत्या. उत्तर जिथे सापडण्याची शक्यता अधिक, तिथे माणूस बसवायचा हा त्यामागचा विचार. पत्नीच्या नावाचा पुतळा उभारणे यापेक्षा सोपे होते.

दोराबजी स्वतः त्याच वर्षी जूनमध्ये वारले. फळ त्यांना दिसले नाही. १९४८ साली अमेरिकेतल्या सिडनी फार्बर या डॉक्टरांनी ल्यूकेमिया झालेल्या मुलांना एका औषधाने काही काळ उतार पडतो, असे प्रथम दाखवले. ते औषध ज्या संशोधकांनी बनवले त्यांचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. हा शोध टाटांच्या निधीतून लागला असे नव्हे. अनेक देशांतल्या, अनेक निधींवर पोसलेल्या माणसांचे ते काम. पण १९३१ मध्ये ज्या रोगापुढे सगळे हात टेकत होते, त्यातून आज योग्य उपचार वेळेवर मिळालेली बहुतेक मुले बरी होतात.

रक्ताचे एक बरे असते. बोटाला सुई टोचली की थेंब मिळतो. तो काचेवर पसरा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मेंदूचा थेंब कसा घेणार? जिवंत माणसाचा मेंदू कवटीच्या पेटीत बंद. पेटीबाहेरून त्याची वीज मोजता येते, पण ती दहा ते शंभर दशलक्षांश व्होल्ट एवढीच. तुमच्या विजेरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो, हे लक्षात घेतले म्हणजे कल्पना येईल. म्हणून मेंदूच्या रोगांचा अभ्यास पुष्कळ वेळा बाहेरून, नुसत्या निरीक्षणाने सुरू होतो.

आता तो प्रयोग. आरशासमोर उभे राहा आणि आपल्या डाव्या डोळ्याकडून उजव्या डोळ्याकडे नजर न्या. तुम्हाला स्वतःचे डोळे हललेले दिसणारच नाहीत. मग मित्राला तेच करायला सांगा. त्याचे डोळे टुणकन उडी मारतात हे तुम्हाला स्पष्ट दिसेल. ही उडी किती वेगवान असते? घड्याळाचा सेकंदकाटा सेकंदाला ६ अंश फिरतो. डोळ्याचा वेग मोठ्या उडीत सेकंदाला ४०० अंशांच्याही पुढे जातो.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांना असे काही रुग्ण भेटले, की ज्यांचा तोल जात होता, चाल अडखळत होती आणि डोळे मात्र उडी न मारता सावकाश, सरकत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात होते. घरातल्या आणखी माणसांनाही तेच होते. डॉ. वाडिया आणि डॉ. आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांची माहिती 'ब्रेन' या नियतकालिकात १९७१ साली प्रसिद्ध केली. हा लहान मेंदूचा एक आनुवंशिक रोग होता आणि मंद डोळे ही त्याची खूण होती.

पण रोगाचे कारण? त्यासाठी १९९६ साल उजाडावे लागले. आपल्या पेशींतल्या डी.एन.ए.च्या साखळीत चार रासायनिक अक्षरांनी मजकूर लिहिलेला असतो. बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरे लागोपाठ साधारण २२ वेळा येतात. या रुग्णांत ती ३३ किंवा त्याहून अधिक वेळा येतात. टंकलेखन यंत्राची कळ अडकावी आणि तेच अक्षर पुन्हा पुन्हा उमटावे, तसे. १९७१ ते १९९६, म्हणजे २५ वर्षे. पीएच.डी. करणाऱ्यांच्या पाच पिढ्या एकामागून एक बसवल्या, तर एवढा काळ भरतो. निधीच्या मुद्दलाला हात का लावायचा नसतो, याचे उत्तर या २५ वर्षांत आहे.

अशाच अडकलेल्या कळीचा दुसरा रोग म्हणजे हंटिंग्टनचा रोग. यात हातपाय आपोआप हलू लागतात आणि पुढे बुद्धीही ढळते. आईला किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. नाणेफेकच म्हणा ना. अमेरिकेत १९६८ साली लिओनोर वेक्सलर या बाईंना तो असल्याचे कळले. त्यांचे पूर्वीचे पती मिल्टन वेक्सलर यांनी संशोधनासाठी एक प्रतिष्ठान उभारले आणि तरुण शास्त्रज्ञांना एकत्र बोलावून मोकळी चर्चा करण्याचा परिपाठ ठेवला. मुलगी नॅन्सी स्वतः संशोधनात उतरली. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठी हा रोग असलेली मोठमोठी कुटुंबे आहेत. तिथे जाऊन तिने व तिच्या सहकाऱ्यांनी वंशावळी आणि रक्ताचे नमुने गोळा केले. १९८३ मध्ये दोष चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले, १९९३ मध्ये जनुक सापडले. लिओनोर त्याआधीच, १९७८ मध्ये, वारल्या होत्या. नॅन्सी वेक्सलर यांनी आपल्यालाही हा रोग असल्याचे २०२० मध्ये जाहीर केले. रोग मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही.

या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. टाटा काय किंवा वेक्सलर काय, कुटुंबाने आजाराचे नाव उघड सांगितले. आता मनाच्या आजारांकडे या. आमच्या नागपुरात छिंदवाडा मार्गावर १८६४ साली सुरू झालेले मनोरुग्णालय आहे. शेजारच्या चौकाला लोक काय म्हणतात? पागलखाना चौक! रिक्षावाल्याला तेवढेच सांगितले की पुरते. शाळेत एकमेकांना चिडवायलाही हाच पत्ता वापरतात. अशा गावात एखाद्या आईने 'माझ्या मुलाच्या स्मरणार्थ, छिन्नमनस्कतेवरील संशोधनासाठी' असा फळा लावायचा, तर तिला किती धीर लागेल, याचा विचार करा. गणिताच्या आणि संस्कृतच्या फळ्यांवर माणूस कशाने गेला ते लिहिलेले नसते. कोणी सांगावे, त्यांतल्या एखाद्या नावामागे मनाचा आजारही असेल.

हा धीर दाखवणारा एक मराठी माणूस होऊन गेला. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले डॉ. जगन्नाथ वाणी कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, झाल्यावर त्यांनी ती गोष्ट दडवली नाही. १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. २००४ सालचा सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच तळमळीतून घडला. २०१७ मध्ये ते निवर्तले. त्यांचे काम मुख्यतः लोकशिक्षणाचे. पण असे कोणी आजाराचे नाव मोठ्याने घेतल्याशिवाय त्या नावाची शिष्यवृत्ती तरी कशी निघणार?

आणि काम तर डोंगराएवढे पडले आहे. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आजारानुसार पाहता त्यांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. छिन्नमनस्कता रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. हंटिंग्टनसारखे एकच बिघडलेले जनुकही तिच्यात नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड अभ्यासात ७६,७५५ रुग्णांचा डी.एन.ए. तपासला, तेव्हा गुणसूत्रांवरच्या २८७ जागा संशयित ठरल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी चिमूटभर. डॉ. वाडियांना नऊ कुटुंबांवरून रोग ओळखता आला. इथे पाऊण लाख रुग्णही अपुरे पडतात. शिवाय त्या पाऊण लाखांत बहुतेक सगळे युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाचे. आपल्याकडची माणसे त्यात नगण्य आहेत.

ती गोळा करायची, तर इथलेच संशोधक लागतील. कारण नुसते रक्त घेऊन भागत नाही. मुलाखतही घ्यावी लागते. इंग्रजी प्रश्नावलीतल्या एका प्रश्नाचे शब्दशः मराठी होते, 'तुम्हाला आवाज ऐकू येतात का?' उमरेडच्या शेतकऱ्याला हे विचारले, तर तो म्हणेल, 'येतात ना, मी काय बहिरा हाये?' जवळ कोणी नसताना कानात कोणी बोलते का, असे विचारावे लागेल. एखाद्या बाईने देवीच्या उत्सवात अंगात येते असे सांगितले, तर तो आजार समजायचा का? बहुधा नाही, पण हे तिच्या गावची रीत जाणणाऱ्यालाच कळेल. अशी प्रश्नावली नीट बसवणे हेच एका विद्यार्थ्याचे वर्षभराचे काम आहे. आकडे जुळवायला संख्याशास्त्रज्ञ हवा, मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रांसाठी भौतिकशास्त्रज्ञ हवा. डॉक्टरच व्हावे लागते असे नाही.

निधी ठेवणाऱ्यांनीही शब्द जपून वापरायला हवेत. दानपत्रात 'अमुक तालुक्यातील, अमुक समाजातील, अमुक विषयात प्रथम' अशा अटी घातल्या की काही वर्षांनी त्यांत बसणारा विद्यार्थीच मिळत नाही आणि व्याज बँकेत साचत राहते. रोगांची नावेही बदलतात. शंभर वर्षांपूर्वीच्या कागदांत सगळ्याला 'वेड' हा एकच शब्द होता. 'मेंदू व मन यांच्या विकारांवरील संशोधन' एवढे म्हटले तरी पुरे.

तुम्ही या वर्षी नववी पुरी करणार असाल, तर एम.एस्सी. व्हायला आणखी आठ वर्षे लागतील. तोपर्यंत ३७,००० रुपयांच्या छात्रवृत्तीचे मोल आजच्याएवढे राहावे, असे धरले आणि भाववाढ दरसाल ५ टक्के मानली, तर ती किती व्हायला हवी? चक्रवाढीने काढून पाहा. उत्तर पावणेपंचावन्न हजारांच्या आसपास यायला हवे.